छायाचित्रकाराचा चातुर्मास

आषाढ शुद्ध एकादशीच्या दिवशी भगवान विष्णू क्षीरसागरात शेषशय्येवर निद्राधीन होतात, पंढरपुरी लक्षावधी वारकरी विठ्ठलाच्या चरणी माथा टेकवून परतीची वाट धरतात, आणि नेमक्या त्याच रात्रीपासून आमच्या वाईतील लग्नाच्या छायाचित्रकाराची झोप उडते. देवाच्या निद्रेचा आणि मनुष्याच्या जागरणाचा इतका निकटचा कार्यकारणसंबंध अन्य कोणत्याही व्यवसायात माझ्या पाहण्यात नाही. या चार महिन्यांत शेतकऱ्यास शेत असते, शिक्षकास शाळा असते, कीर्तनकाराकडे तर श्रोत्यांची रीघ लागलेली असते. परंतु ज्याचा अवघा चरितार्थ दुसऱ्यांच्या गळ्यात पडणाऱ्या माळांवर अवलंबून, त्याला कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्ने लागून मनुष्यांच्या लग्नांस मोकळीक मिळेपर्यंत पंचांगाची पाने उलटीत बसण्यावाचून गत्यंतर नसते.

पंचांग बारकाईने वाचावे तर लग्नाच्या छायाचित्रकाराने, असे माझे फार दिवसांचे मत आहे. गुरुजी पंचांग पाहतात ते परक्याच्या शुभाशुभासाठी; हा गृहस्थ ते पाहतो स्वतःच्या घरखर्चासाठी, आणि त्यामुळे त्याच्या वाचनात जी उत्कटता असते ती वेदशास्त्रसंपन्न मंडळींच्या ठायीही दुर्मिळ होय. चातुर्मास हा झाला सालाबादचा ठरीव बंदोबस्त. परंतु त्याखेरीज पौष हा भाकड महिना आहे, मध्येच गुरू किंवा शुक्र अस्तास जातो, आणि दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एखादा अधिक मास येऊन मुक्काम ठोकतो. २०२४ साली ऐन मे महिन्यात, जेव्हा मंगल कार्यालयांतून दिवसाकाठी दोन-दोन कार्ये उरकावयाची तेव्हा, गुरू आणि शुक्र हे दोन्ही ग्रह एकदमच अस्तंगत झाले. आणि २०२६ च्या पंचांगात तर १७ मे ते १५ जून एवढा सलग मुलूख अधिक ज्येष्ठाने गिळंकृत केलेला आहे. “सर, शुक्राचं एक वेळ समजू शकतं,” आमचे छायाचित्रकार स्नेही मला विषादाने म्हणाले, “पण गुरूसारख्या गुरूनंही तेव्हाच जावं?” पंचांगकर्ते अडलेल्यांसाठी काढीव मुहूर्त देतात ही गोष्ट खरी, परंतु काढीव मुहूर्तावर कार्य उरकणारा यजमान हा सहसा घाईत असतो, आणि घाईत असलेला यजमान अल्बमची पाने वाढवीत नाही.

मराठ्यांच्या फौजा दसऱ्याचे सोने लुटून मुलूखगिरीस निघत आणि पावसाळा तोंडावर आला की छावणीस परतत, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. पेशवाई गेली, फौजा गेल्या, मुलूखही गेला. तो शिरस्ता मात्र लग्नाच्या छायाचित्रकारांनी अव्याहत चालू ठेवला. त्यांच्याही पथकांची रचना ठरलेली असते. पुढे ट्रॅडिशनलवाला, जो यजमानांस ओळीने उभे करून हसण्याचा हुकूम सोडतो. त्याच्या बगलेस कँडिडवाला, जो कोणासही न सांगता, परंतु सर्वांस दिसेल अशा रीतीने, खांबाआडून नेम धरतो. मग व्हिडिओवाला, ड्रोन उडविणारा, आणि सर्वांच्या मागे दिवा उंच धरून दोन-दोन तास निश्चल उभा राहणारा एक पोरगा, ज्याला पंगतीत पाने उचलण्याच्या वेळी बसावयास मिळते. हे सर्व सैन्य आषाढ उजाडताच पांगते, आणि छावणीत उरतो तो एकटा सेनापती व त्याची हत्यारे.

त्या हत्यारांचा पावसाळ्यातील शत्रू म्हणजे बुरशी. पसरणीच्या घाटावरून उतरणारे ढग वाईच्या आळीआळीतून फिरू लागले की कॅमेऱ्याच्या भिंगात तिचे कोळिष्टकासारखे धागे पसरू लागतात, आणि ज्या भिंगासाठी तीन वर्षांचे हप्ते बांधून घेतले त्यातून नवरी कायमची धुक्यात उभी असल्यासारखी दिसू लागते. यावर उपाय म्हणून आमच्या स्नेह्यांनी एका लोखंडी कपाटात झिरोचा बल्ब अहोरात्र तेवत ठेवलेला आहे आणि भिंगांशेजारी सिलिका जेलच्या पुड्या मांडलेल्या आहेत. हे खडे कोरडे असताना निळे असतात आणि ओल शोषून गुलाबी होतात. गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करावयाचे. ते तापविण्यासाठी स्वयंपाकघरातील तव्याची मागणी करण्यात आली तेव्हा गृहलक्ष्मीने ती तात्काळ फेटाळली, आणि आता त्या कामी इस्त्री वापरली जाते. देवघरातील समई एखादे दिवशी विझली तर चालेल, परंतु कपाटातील बल्ब विझता कामा नये, असा त्या घराचा दंडक आहे. बाकी खर्चाच्या बाबी थोड्याबहुत आवरता येतात. कॅमेऱ्याच्या हप्त्यास मात्र चातुर्मास नाही.

तेव्हा जाहिरात करणे प्राप्त झाले. शेजारच्या कापडदुकानावर ‘आषाढ सेल’चा फलक लागलेला आणि आत बायकांची झुंबड उडालेली पाहून आमच्या स्नेह्यांच्या मनात ईर्ष्या उत्पन्न झाली, आणि आठ दिवसांच्या आत एसटी स्थानकासमोर त्यांचाही फ्लेक्स झळकला. ‘आषाढ धमाका! आजच तारीख बुक करा आणि मिळवा : प्री-वेडिंग शूट मोफत, ड्रोन मोफत, फोटोचा कप मोफत!’ एका युवानेत्याच्या वाढदिवसाच्या अभीष्टचिंतनाचा फलक डाव्या अंगास आणि कोणा वयोवृद्ध गृहस्थास वाहिलेल्या भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक उजव्या अंगास, अशा मोक्याच्या जागी तो होता. दोन्ही बाजूंची छायाचित्रे आमच्या स्नेह्यांनीच काढलेली. पैकी दिवंगतांच्या कुटुंबीयांनी पैसे चुकते केले होते. युवानेते अद्याप हयात असल्यामुळे त्यांची बाकी यावयाची होती.

या जाहिरातीत एक तात्त्विक दोष होता, आणि तो मी वेळीच त्यांच्या निदर्शनास आणून दिला. आषाढात सवलतीने घेतलेली साडी कपाटात ठेवून मार्गशीर्षात नेसता येते. आषाढात सवलतीने ठरविलेला छायाचित्रकारही तसाच राखून ठेवता येईल, परंतु त्याचा उपयोग व्हावयास जो नवरदेव लागतो तो बहुतेकांस अद्याप मिळालेला नसतो. वाण्याकडे आगाऊ भरता येते ते धान्य, जावई नव्हे. त्यांनी माझे म्हणणे आदराने ऐकून घेतले आणि फ्लेक्स आणखी एका चौकात लावला. त्या फ्लेक्सवर जे गिऱ्हाईक आले त्यात महाविद्यालयात प्रवेश घेऊ पाहणारा एक विद्यार्थी होता, ज्याने पासपोर्ट आकाराची आठ छायाचित्रे काढून घेतल्यावर यावर ड्रोन मोफत आहे काय अशी पृच्छा केली. आणि एक सुविद्य भगिनी होत्या, ज्यांना बाकी काही नको होते, फक्त कप हवा होता.

पुढची मोहीम साताऱ्यास निघाली. तेथील एका सभागृहात विवाहविषयक प्रदर्शन भरणार असून उपवर मुलामुलींचे पालक सहकुटुंब लोटणार, असे संयोजकांनी सांगितले, आणि आमच्या स्नेह्यांनी दुकानभाडे भरून, एक भला मोठा पडदा भाड्याने घेऊन, त्यावर गतसालच्या एका नवरीची अश्रुपूर्ण पाठवणी दिवसभर फिरती ठेवली. मी सहज म्हणून गेलो होतो. जे पाहिले ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पाहावे असे होते. सभागृहात गर्दी उत्तम होती. परंतु ती गर्दी केटररांची, मंडपवाल्यांची, मेंदी काढणाऱ्या भगिनींची, फेटे बांधणाऱ्यांची, बँडवाल्यांची, आणि नवरदेवाचा घोडा पुरविणाऱ्या एका सद्गृहस्थाची होती, ज्यांनी घोडा बाहेर बांधला होता. प्रत्येकजण आपले दुकान चुलत भावाच्या हवाली करून दुसऱ्याच्या दुकानापुढे येई, “काय भाऊ, घरात कुणाचं कार्य?” असे आशेने विचारी, आणि दोघांची कार्डे परस्परांच्या खिशांत जाऊन सलाम होत. दुपारी चारच्या सुमारास एक खरेखुरे कुटुंब, आईवडील आणि लग्नाच्या वयाची एक मुलगी, आत शिरले. शेजारच्या दालनात लोणची-पापडांचे प्रदर्शन होते, तेथे जाताना त्यांची वाट चुकली असावी. सभागृहात क्षणभर स्तब्धता पसरली, आणि मग चोहोबाजूंनी जो गलका उठला त्यात त्या मुलीच्या हाती एका श्वासात फुगा, मेंदीचा कोन, बासुंदीचा द्रोण आणि आमच्या स्नेह्यांचा कप देण्यात आला. ते कुटुंब ज्या वेगाने बाहेर पडले त्याची नोंद टिपणे कँडिडवाल्यासही साधले नाही.

आता प्री-वेडिंगविषयी लिहिले पाहिजे, कारण पावसाळ्यात या धंद्यास तेवढाच एक हिरवा कोंब फुटतो. पूर्वी वाङ्निश्चय झाल्यावर मुलीने मुलासमोर चहा घेऊन येणे हीच परिसीमा मानली जाई. आता उभयतांनी लग्नापूर्वी डोंगर, धबधबा, नदीचा घाट आणि जमल्यास कास पठारावरील फुले यांच्यासमवेत आपले प्रेम लोकांच्या नजरेस आणून द्यावे असा रिवाज पडला आहे. ज्या वधूवरांच्या घरच्यांचा अजून एकमेकांशी हुंड्याविरहित मानपानावरून पत्रव्यवहार चालू असतो, ते स्वतः धुराच्या रंगीत नळकांड्यांमधून एकमेकांकडे धावत येत असतात. आमच्या वाईस या बाबतीत निसर्गाने आणि इतिहासाने मिळून झुकते माप दिले. नाना फडणविसांचा मेणवलीचा वाडा आणि त्यापुढील कृष्णेचा घाट येथून हाकेच्या अंतरावर. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ या चित्रपटाचे चित्रण तेथे झाल्यापासून तर पुण्या-मुंबईची जोडपी त्या पायऱ्यांवर बसावयास हटकून येतात. नानांची नऊ लग्ने झाली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एवढा नियमित यजमान दाराशी असताना तो छायाचित्रणाचा शोध लागण्याच्या चाळीस वर्षे आधीच निवर्तावा, याची रुखरुख आमच्या स्नेह्यांस तो वाडा पाहताना दर वेळी लागते. नानांच्या खाजगी कागदांचे प्रसिद्ध दफ्तर मात्र त्याच मेणवलीचे. आमच्या स्नेह्यांच्या संगणकातील येणे बाकीचे दफ्तर त्याच्या खालोखाल भरेल.

परंतु प्री-वेडिंगची जाहिरात करावयाची तर नमुन्यादाखल एक जोडपे लागते, आणि जोडपी नाहीत म्हणून तर जाहिरात. हा पेच त्यांनी घरगुती साधनांनी सोडविला. दिवा धरणारा पोरगा नवरदेव झाला, आणि त्यांच्या वहिनींच्या ब्यूटी पार्लरमध्ये शिकावयास येणारी एक चुणचुणीत मुलगी नवरी झाली. मुलीच्या अंगावर भाड्याचा, मागे चार हात लोळणारा गुलाबी झगा. मुलाच्या अंगावर स्वतः छायाचित्रकारांच्या लग्नातला कोट, जो त्याला खांद्यांवर दोन बोटे मोठा होता. पाऊस भुरभुरत होता, झग्याच्या लोळाने घाटाच्या पायऱ्यांवरील निम्मा चिखल स्वतःकडे ओढून घेतला होता, आणि “आता एकमेकांकडे बघा, पण बघताय असं दाखवू नका,” अशा परस्परविरोधी आज्ञा छत्रीखालून सुटत होत्या. खालच्या पायरीवर धुणे धूत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पिळलेले लुगडे तसेच हातात धरून हा सोहळा बराच वेळ न्याहाळला.

“आगं, नवरा का ह्यो तुझा?”

“न्हाई आजी, जाहिरात हाय.”

“मग जाहिरातीला हात कशाला धराय लागतोय?”

या प्रश्नाचे उत्तर त्या घाटावर कोणापाशीच नव्हते. चित्रे उत्तम आली, इन्स्टाग्रामवर चढली, आणि तिसऱ्या दिवशी मुलीचे चुलते जीप करून दुकानासमोर अवतीर्ण झाले. बराच वेळ चढ्या आवाजात खलबत झाले. पोराचे गाव, घराणे, शेत किती, पाणी कोणते, याची रीतसर चौकशी झाली, आणि ती समाधानकारक निघाल्यामुळे व मुलगी काहीच बोलत नसल्यामुळे, चहा येईपर्यंत प्रकरण वेगळ्याच वळणावर गेले. थोडक्यात सांगावयाचे तर लग्न ठरले. संपूर्ण पावसाळ्यातील मोहिमेचे एवढे एक ठोस फळ पदरात पडले म्हणून आमचे स्नेही हरखून गेले होते. परंतु तारीख लिहून घेण्यासाठी त्यांनी वही उघडताच चुलत्यांनी मोठ्या प्रेमाने ती मिटविली. “छे छे, तुम्ही आता घरचे! तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचं. कॅमेरा कसला धरताय? फोटोचं आम्ही साताऱ्याच्या एकाला सांगून टाकलंय.”

अशा आघातानंतर मनुष्य कागदपत्रांकडे वळतो. आमच्या स्नेह्यांपाशी एक जाडजूड वही आहे, आणि तीत आजवर त्यांनी चित्रित केलेल्या यच्चयावत लग्नांच्या तारखा लिहिलेल्या आहेत. त्या वहीच्या आधारे ते प्रत्येक जोडप्यास लग्नाच्या वाढदिवशी पहाटे साडेपाचास शुभेच्छांचा संदेश पाठवितात, त्यासोबत एक जुने छायाचित्र, आणि खाली ‘आमच्याकडे डोहाळजेवण व बारशाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातात’ अशी ओळ. व्यवसायवृद्धी किती झाली हे सांगता येत नाही, परंतु तालुक्यातील कित्येक पतिराजांची गृहसौख्ये या संदेशामुळे अबाधित राहिली आहेत. पत्नी उठण्यापूर्वी तो वाचून, आपल्याच स्मरणशक्तीचा तो प्रताप असल्याचा आव त्यांना आणता येतो. डोहाळजेवणाची ओळ एका साठी उलटलेल्या दांपत्यास गेली तेव्हा मात्र थोडा बोभाटा झाला.

विवाह नोंदणीच्या कचेरीबाहेर उभे राहण्याचा मार्ग त्यांनी तुलनेने उशिरा शोधला, आणि माझ्या मते तोच सर्वांत शहाणपणाचा होता. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा अधिनियम आहे, त्याखाली अर्ज करताना लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो मागतात, आणि विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करणारांस तर तीस दिवसांची नोटीस लागते, मुहूर्त लागत नाही. सरकारी दफ्तरात गुरूचा अस्त होत नाही. तेथे दोन हार, तीन साक्षीदार आणि एक घाईतला फोटो एवढाच ऐवज; पण आषाढात तेवढाही गोड लागतो.

अधूनमधून ऐतिहासिक समाधानही शोधावे लागते. १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन, कारण १८३९ साली त्या दिवशी फ्रेंच सरकारने दागेरची छायाचित्रणविद्या जगास मोकळी करून दिली. म्हणजे ही विद्या भूतलावर अवतरली तीच ऐन चातुर्मासात, आणि तिचे पुढील सर्व दुर्दैव या एका मुहूर्तचुकीतून उगम पावले, असा आमच्या स्नेह्यांचा सिद्धांत आहे. त्या दिवशी सारे छायाचित्रकार एकत्र जमतात, कॅमेऱ्यांची पूजा करतात, रक्तदान करतात आणि दर पाडणाऱ्या नवशिक्यांस शिव्या देतात. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटापूर्वी बडोद्यास छायाचित्रणाचे दुकान काढले होते, आणि फोटो काढल्याने मनुष्याचे प्राण शोषले जातात अशी लोकांची समजूत असल्याने तेथे त्यांचे बस्तान बसले नाही, असे सांगतात. आता ते भय गेले. उलट ज्याचा फोटो निघाला नाही त्याचा प्राण तळमळतो, आणि येथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो.

लग्नसराई संपली तरी तिचे अल्बम संपलेले नसतात. छायाचित्रकाराने वैशाखात तीन-चार हजार चित्रे काढून ठेवलेली असतात. त्यांतून दीड-दोनशे निवडून देण्याची जबाबदारी यजमानांची, आणि या निवडीस धंद्यात ‘सिलेक्शन’ म्हणतात. हे सिलेक्शन म्हणजे दोन घराण्यांमधला तहनामाच. ते झाल्याखेरीज अल्बम छापावयास जात नाही, अल्बम दिल्याखेरीज उरलेली रक्कम मिळत नाही, आणि ती रक्कम न मिळाल्याने आमच्या स्नेह्यांस भाद्रपदातही वाण्याच्या दारावरून मान खाली घालून जावे लागते. यंदाच्या एका अल्बमचे घोडे अडले होते ते असे : वरमायेच्या मते सूनमुखाच्या प्रसंगास दोन पाने हवीत; वधूच्या आईच्या मते कन्यादानास एकच पान दिलेले असताना सूनमुखास दोन देणे हा उघड पक्षपात. छायाचित्रकाराने कन्यादानासही दोन पाने देऊ केली, तेव्हा वरमायेने रुखवताचे पान कापण्याची अट घातली. रुखवतात चिवड्याचे किल्ले आणि लाडवांचे बुरूज उभारण्यात वधूच्या मावशीने रात्री जागविलेल्या होत्या. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, पेनड्राइव्ह दोन्ही घरांच्या दरम्यान एका तटस्थ मामाच्या खिशात पडून राहिला.

सुटका झाली ती मंगळागौरीमुळे. श्रावणातल्या मंगळवारी नव्या सुनेची पहिली मंगळागौर, सबंध गोतातल्या बायका रात्री जागवावयास येणार, आणि अशा वेळी घरात अल्बम नसणे म्हणजे लग्नच न झाल्यासारखे. तेव्हा वरमायेने सोमवारपर्यंतची मुदत देऊन रुखवतासह सर्व पाने एका झटक्यात मंजूर केली. त्या समारंभास आमच्या घरूनही बोलावणे होते, आणि जे पुढे सांगतो ते सौभाग्यवतींच्या प्रत्यक्ष पाहणीवरून. झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, मटकीची उसळ आणि चहा झाला, आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो जाड पानांचा, मखमली पेटीतला, दोन्ही हातांनी उचलावा लागणारा करिझ्मा अल्बम मधोमध आणून ठेवण्यात आला. पहिल्या पानावर नवरी होती, सूर्यास्ताकडे पाहत असलेली. हे चित्र जुळविण्यात आमच्या स्नेह्यांचे तीन दिवस गेले होते. त्या पानावर कोणाचीही नजर दोन सेकंदांहून अधिक ठरली नाही. त्यानंतर जे सुरू झाले ते निव्वळ शोधकार्य होते. “मी कुठाय गं?” “ही बघ, तुझी पाठ.” “माझी नथ दिसत्ये का?” “अगंबाई, ह्यात माझे डोळे मिटलेत.” प्रत्येक स्त्री त्या अवाढव्य ग्रंथात स्वतःला शोधीत होती, सापडली की त्या पानाची स्तुती होई आणि छायाचित्रकार हुशार ठरे, न सापडली की पैसे फुकट गेल्याचा निर्वाळा मिळे. एका आत्याबाईंचे चित्र दोन पानांच्या सांध्यात येऊन त्यांचा अर्धा चेहरा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे गेलेला होता. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु आत्याबाईंना उपवर मुलगा आहे.

हे ऐकून मला जो उलगडा झाला तो मी दुसऱ्याच दिवशी दुकानात जाऊन सविस्तर कथन केला. लग्नाचे पुढील गिऱ्हाईक आकाशातून पडत नाही. ते मागच्या लग्नाच्या पंगतीत बसून जिलबी खात असते. फ्लेक्स पाहून कोणी छायाचित्रकार ठरवीत नाही, आणि सूर्यास्ताकडे पाहणाऱ्या नवरीचे तर कोणाला देणेघेणे नाही. ज्याच्या घरी दोन वर्षांनी कार्य निघावयाचे त्या काकांचा फेटा सरळ आणि पोट आत असलेला एक फोटो पूर्ण पानभर लागला, की चातुर्मासातील जाहिरात वैशाखातच होऊन गेली. आमच्या स्नेह्यांनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकले, मान डोलावली, आणि दिवाळीनिमित्त कपाऐवजी उशीवर फोटो छापून देण्याची नवी योजना मला दाखविली.

दसऱ्यास कॅमेऱ्यांना झेंडूच्या माळा पडल्या. दिवाळीचा पाडवा उलटला, आणि तुळशीच्या लग्नाची ऊसखांडे बाजारात आली त्या दिवशी दुकानात एक स्थूल, प्रतिष्ठित गृहस्थ आले. मी तेथेच बसलो होतो. त्यांनी फलक पाहिला नव्हता, प्रदर्शनाची वार्ता त्यांना नव्हती, इन्स्टाग्राम हे काय असते याविषयी ते अनभिज्ञ होते. त्यांच्या कन्येचा विवाह मार्गशीर्षात ठरलेला होता, आणि रुखवताच्या भांडणातील तो पेनड्राइव्ह खिशात घेऊन फिरणारे तटस्थ मामा ते हेच.

“तुमच्या त्या अल्बमात माझा एक फोटो आहे,” ते म्हणाले. “जिलबीचं तबक घेऊन उभा आहे बघा, पानभर. आमच्या साडूंना फार लागलं ते. आता ते येणार आहेत कार्याला, तर त्यांचाही एक काढा. पण पानभर नको, अर्धं पान पुरे.”

आमच्या स्नेह्यांनी दरपत्रक पुढे केले. मामांनी चष्मा लावून ते ओळीओळीने वाचले, ‘ड्रोन मोफत’ या शब्दांवर बोट ठेवले आणि हे काय म्हणून विचारले. कॅमेरा आकाशात उडवून वरून चित्रण करतात, असे त्यांना सांगण्यात आले.

“वरून?” मामांनी टोपी काढून टाळूवरून हात फिरविला. “ते अजिबात नको.”

आमच्या स्नेह्यांनी दरपत्रकातून ड्रोन तत्परतेने खोडला, ‘मोफत’ हा शब्दही खोडला, रक्कम होती तीच ठेवली, आणि विसाराची पावती फाडली.